फटफटीचा त्रिताल

इंग्रजांनी ह्या वाहनाला नाव दिले ते त्याच्या घडणीवरून: मोटार बसवलेली सायकल. मराठीने घडण पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. तिने नुसता कान दिला आणि म्हटले, ‘फटफटी’. आपल्या भाषेची ही जुनीच खोड आहे. डुगडुगी, पिपाणी, खुळखुळा ही सारी नावे कानाने ठेवलेली आहेत; आणि ती सारी खेळण्यांची आहेत, हीही गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. फटफटी त्याच पंगतीला येऊन बसली. (पहाट ‘फटफटते’ ती निराळी, तिचा आवाजाशी संबंध नाही, उजेडाशी आहे. पण ज्यांच्या दारी दूधवाला मोटारसायकलीवरून येतो त्यांच्यापुरते दोन्ही अर्थ एकाच घटकेला खरे होतात.)

आता हे नाव नीट उच्चारून पाहा. फट्-फट्. दोन आघात, आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा. ज्या कोण्या अनामिक मराठी माणसाने पहिल्यांदा हा शब्द वापरला, त्याला इंजिनातला एकेक स्फोट सुटासुटा ऐकू येत होता. मोटारसायकलींच्या जगात शंभर वर्षांहून अधिक काळ जे दोन पंथ नांदत आहेत, त्यांचे भांडण ह्या मोकळ्या जागेवरूनच आहे, असे माझे मत आहे. एक पंथ दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे तिरपे बसवणाऱ्यांचा, म्हणजे व्ही-ट्विनवाल्यांचा. दुसरा चार सिलिंडर एका ओळीत मांडणाऱ्यांचा, ज्याला गॅरेजात ‘इनलाइन फोर’ म्हणतात.

चेंबूरला राहणाऱ्याला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. रविवारी पहाटे मुंबईतले शौकीन शीव-पनवेल रस्त्याने घाटाकडे निघतात. पूर्व मुक्त मार्गावर, अटल सेतूवर आणि पुण्याच्या द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव. तेव्हा त्यांना हा जुनाच रस्ता धरावा लागतो, आणि तो आमच्या उशाशी आहे. अंथरुणात पडल्या पडल्या ओळखू येते. एक आवाज येतो तो दम खात, अंगण तुडवीत यावे तसा. दुसरा येतो तो नवे मांजरपाट एका हिसक्यात टर्रकन फाडावे तसा. आला म्हणेपर्यंत मानखुर्दच्या पलीकडे गेलेला असतो.

व्ही-ट्विन ही काही कोणा कलावंताच्या स्वप्नात आलेली वस्तू नव्हे. ती अडचणीतून जन्मली. गॉटलीब डाइमलरने १८८५ मध्ये लाकडी सांगाड्यावर एकसिलिंडरी इंजिन बसवून जी दुचाकी चालवली, तिला मोटारसायकलींची आजी मानतात. १८८९ मध्ये त्यानेच दोन सिलिंडरांचे ‘व्ही’ इंजिन केले. पुढे अमेरिकेत मोटारसायकली होऊ लागल्या त्या सायकलीच्याच सांगाड्यावर. सायकलीच्या पोटात जागा केवढी? तीन नळ्यांमधला एक तिकोन. एका सिलिंडरची ताकद कमी पडू लागली तेव्हा दुसरा ठेवायचा कोठे? त्याच क्रँकला, त्याच पिनेला दुसऱ्या दट्ट्याचा दांडा जोडून दिला आणि सिलिंडर मागे कलता ठेवला, की तिकोनात तिकोन चपखल बसे. नवा क्रँक नको, रुंदी वाढत नाही, खर्च थोडा. अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीने १९०७ मध्ये आणि हार्ले-डेव्हिडसनने १९०९ मध्ये अशी गाडी विक्रीला आणली. हार्लेची पहिली फसली. १९११ मध्ये सुधारून पुन्हा आणली, तेव्हापासून आजतागायत तो ४५ अंशांचा ‘व्ही’ त्यांनी सोडलेला नाही.

ह्या काटकसरीची किंमत आवाजात मोजावी लागली. दोन्ही दट्टे एकाच पिनेवर, आणि सिलिंडरांत ४५ अंशांचे अंतर. त्यामुळे दोन स्फोट समान अंतराने होतच नाहीत. क्रँकचे दोन फेरे, म्हणजे ७२० अंश, झाले की चक्र पुरे होते. त्यात पहिल्या स्फोटानंतर दुसरा येतो ३१५ अंशांनी, आणि मग पुन्हा पहिला येतो ४०५ अंशांनी. यंत्र लंगडते. मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला राहून तापतो, आणि अंगभर थरथर होते ती वेगळीच.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, आणि गणिताशी माझा स्नेह त्रैराशिकापर्यंतचाच. पण लहानपणी घरात तबला होता, त्यामुळे हे आकडे समोर आले तेव्हा ४५ ने भागून पाहण्याचा मोह झाला. ७२० ला ४५ ने भागले की येतात १६. त्रितालाच्या सोळा मात्रा! ३१५ अंश म्हणजे सात मात्रा, ४०५ म्हणजे नऊ. म्हणजे हार्लेचा एक स्फोट समेवर पडतो, आणि दुसरा आठव्या मात्रेवर. तो जर समान अंतराने झाला असता तर नवव्या मात्रेवर, नेमका खालीवर पडला असता. हे गृहस्थ खालीच्या एक मात्रा अगोदर हजर होतात आणि मग नऊ मात्रा स्वस्थ बसतात. उलट ओळीतल्या चारांचा हिशोब पाहा: दर १८० अंशांना एक स्फोट, म्हणजे दर चार मात्रांना एक. एक, पाच, नऊ, तेरा. सम, टाळी, खाली, टाळी. शिकाऊ मुलाने हाताने ताल धरावा इतका तो चोख. कुठे रेसभर चूक नाही.

हे मी एकदा ऑफ तासाला वर्गात करून पाहिले. अर्ध्या मुलांना सोळा अंक मोजत एक, पाच, नऊ, तेरावर बाक वाजवायला सांगितले, आणि अर्ध्यांना एक व आठवर. पहिला गट दोन आवर्तनांत कंटाळला. हात आपोआप चालू लागले आणि डोळे खिडकीकडे गेले. दुसऱ्या गटाला ते नीट जमेचना, आणि जमेना म्हणून ती मुले हटेनात. प्रत्येक वेळी आठ येताना सगळे दबा धरून बसत. तिसऱ्या बाकावरच्या एकाने मान वर केली आणि म्हणाला, “सर, हे तर आमच्या मामाच्या गाडीसारखं वाजतंय!” शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन उभे राहिले म्हणून प्रयोग आटोपता घ्यावा लागला.

एक गोष्ट ह्या हिशोबात आणखी आहे, ती वेगाची. मोठी व्ही-ट्विन जागच्या जागी उभी असताना तिचा क्रँक मिनिटाला ९०० च्या आसपास फेरे घेतो. दोन सिलिंडरांचे मिळून सेकंदाला पंधरा स्फोट होतात. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीसपर्यंतचे आघात निरनिराळे ऐकतो. त्याच्या वर गेले की आघात मिटतात आणि सूर लागतो. चार सिलिंडरी गाडी मिनिटाला ९००० फेऱ्यांवर गेली की सेकंदाला ३०० स्फोट होतात. पेटीवर मधली पांढरी दोन दाबावी, त्याच्या थोडासा वर. एक गाडी तबला आहे, दुसरी तंबोरा. तंबोऱ्याला कोणी फटफटी म्हटले नसते.

येथे ओळीतल्या चारांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण व्ही-ट्विनचे भक्त ती मांडू देत नाहीत. ही गाडी काही जपानने आयत्या वेळी काढलेली नव्हे. बेल्जियमच्या एफ.एन. कंपनीने १९०५ मध्येच चार सिलिंडरी मोटारसायकल विकायला काढली होती. १९१२ मध्ये डेट्रॉइटला हेंडरसन निघाली; तिच्यावर बसून कार्ल क्लॅन्सी नावाचा अमेरिकन तरुण पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. पण ह्या जुन्या चौकड्या सांगाड्याच्या लांबीत, एकामागे एक बसवलेल्या असत; गाडी लांबलचक होई आणि मागच्या सिलिंडरांना वारा मिळत नसे. चारही सिलिंडर वाऱ्याला सामोरे, आडवे मांडण्याचा विचार इटालियनांनी १९३० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर रुजवला, आणि होंडाने तो बाजारात आणला. १९६९ ची होंडा सीबी ७५०! ७३६ सीसीचे इंजिन, ६७ अश्वशक्ती, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, बटण दाबताच सुरू होणारी, तेल न गळणारी, ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात पळणारी. आणि अमेरिकेत किंमत दीड हजार डॉलरच्या आत. मोजता येण्याजोगी एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्यात ती जुन्या गाड्यांहून उजवी नव्हती. इंग्रजांचा मोटारसायकलींचा धंदा आधीच खंगत चालला होता. तो त्यानंतर फार वर्षे टिकला नाही. हार्ले मरता मरता वाचली. १९८१ मध्ये कंपनीच्याच तेरा अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली, आणि १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ७०० सीसीवरच्या परदेशी मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. मुक्त व्यापाराचा जप करणाऱ्या देशाने एका लंगड्या इंजिनासाठी आपली पोथी बाजूला ठेवली!

आणि तरीही गिऱ्हाईक परत आले. ते वेगासाठी खासच आले नव्हते.

आपल्याकडे ह्या साऱ्या काळात काय चालले होते? आपल्या वाट्याला दोन्हींपैकी काहीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी हार्लेने ७४० सीसीच्या व्ही-ट्विन गाड्या हजारोंनी बांधल्या. त्यांतल्या काही युद्धानंतर हिंदुस्थानातच राहिल्या. दिल्लीत फाळणीने उखडून आलेल्या माणसांनी अशा जुन्या गाड्यांचे पुढचे धड ठेवून मागे बैठका जोडल्या आणि चांदणी चौकात उतारू वाहिले. त्यांनाही तिथे ‘फटफटी’च म्हणत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस धुरापायी त्या बंद झाल्या, तोवर अमेरिकेत ज्या गाडीला संग्रहालयात चौथरा मिळाला असता तिने दिल्लीत पन्नास वर्षे संसार ओढला.

बाकी देशात एकाच सिलिंडरचे राज्य होते. मद्रासजवळ १९५५ पासून एन्फील्डची बुलेट, म्हैसूरला मुंबईच्याच इराणी उद्योजकांची जावा, फरिदाबादला राजदूत. बुलेट चार फटक्यांची, म्हणून तिचा ठोका संथ आणि गंभीर; जावा-राजदूत दोन फटक्यांच्या, त्यांची पटपट बारीक. आमच्या चेंबूरच्या आर. के. स्टुडिओने १९७३ मध्ये ‘बॉबी’ काढला, त्यात ऋषी कपूरच्या हाती एक बुटकी राजदूत दिली. देशभर त्या गाडीचे नावच ‘बॉबी’ पडले. आता तो स्टुडिओ नाही. २०१७ मध्ये आग लागली, २०१९ मध्ये जागा विकली गेली. होंडाने ज्या काळात चार सिलिंडरांनी जग जिंकले, त्याच काळात आपल्या तरुणांचे सारे स्वप्न १७५ सीसीच्या एका नळकांड्यात मावत होते. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही. पण कानांना तुलनेचा मोका मिळाला नाही, हे खरे.

तो मिळवून दिला हापूस आंब्याने. ही गोष्ट आमच्या शेजारची असूनही चेंबूरकरांना फारशी ठाऊक नाही. कोयीत दडणाऱ्या भुंगेऱ्याच्या आणि इतर किडींच्या भीतीने अमेरिकेने आपल्या आंब्याला अठरा वर्षे दार बंद केले होते. हार्लेवाल्यांना आपल्याकडचे धुराचे नियम आणि जकात आड येत होती. वाटाघाटी झाल्या आणि २००७ च्या एप्रिलात दोन्ही दारे एकदम किलकिली झाली: तिकडे आंबा, इकडे ८०० सीसीवरच्या मोटारसायकली. आंब्यातली कीड निकामी करण्यासाठी त्याला गॅमा किरण द्यावे लागत. ते काम झाले नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात, जे मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेले. आणि ते उभारले होते आमच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने. कोकणच्या झाडावरचे फळ, लासलगावचा कोबाल्ट, ट्रॉम्बेची विद्या, आणि त्या बदल्यात मिल्वाकीचा ठेका! सौदा कोणाला लाभला ह्याचा हिशोब अर्थशास्त्र्यांनी करावा. जकात मात्र पुढेही जबरच राहिली. २०१८ मध्ये ती ५० टक्क्यांवर आली तरी अमेरिकेच्या अध्यक्षांचे समाधान झाले नाही.

मराठी मुलखात ह्या दोन पंथांची खरी गाठ पडली ती सातारा जिल्ह्यात. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या व्ही-ट्विन गाड्या आपल्याकडे जोडून विकण्याचा उद्योग आधी पुण्याच्या कायनेटिकने थोड्या प्रमाणात केला होता. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने आणि २०१२ पासून डीएसके मोटोव्हील्सने तो हाती घेतला, आणि वाईच्या बाजूला ह्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. मग २०१५ च्या मार्चमध्ये त्याच डीएसकेने इटालियन नावाची, चिनी मालकीची बेनेली टीएनटी ६०० आय बाजारात आणली. ती ओळीतल्या चारांची, आणि किंमत पाच लाखांच्या आसपास. चार सिलिंडरांत त्या वेळी ही स्वस्ताईच होती. एकाच पुणेरी पेढीच्या दुकानात, शेजारी शेजारी, तबला आणि तंबोरा दोन्ही मांडलेले.

आणि विक्री कशी झाली म्हणता? वजनाने ती बेनेली जडच होती, ताकदीत तिच्याहून सरस जपानी गाड्या होत्या. पण सीटखालून निघालेल्या नळ्यांतून तिने जी किंकाळी फोडली, तिने तरुण पोरे वेडी झाली. गाडी न पाहता नुसता तिचा आवाज मोबाइलवर ऐकून भारून जाणारी मुले माझ्या वर्गात होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की ओळीतल्या चारांचे भक्तही, तोंडाने अश्वशक्तीचे आकडे म्हणत असले, तरी कानानेच फसलेले असतात. फरक इतकाच, की तंबोऱ्याचा सूर ऐकायला त्यांना गाडी जिवावर उदार होऊन पळवावी लागते. तबलजी चहाच्या टपरीसमोर उभ्या उभ्या ठेका देतो. पन्नाशीच्या माणसाला व्ही-ट्विन का आवडते ह्याचे उत्तर बहुतेक ह्यातच आहे. पुढे २०१८ मध्ये बेनेलीने हैदराबादची दुसरी पेढी धरली आणि साताऱ्याचा हा अध्याय मिटला.

हार्लेला आपल्या लंगडीची किंमत पुरती कळली होती. १९९४ मध्ये तिने ह्या आवाजाचीच व्यापारमुद्रा म्हणून नोंदणी मागितली, जणू तो ठेका कोणा एका घराण्याची चीज असावी. जपानी कंपन्यांनी हरकत घेतली: एका पिनेची व्ही-ट्विन आम्हीही करतो, आमचीही तशीच वाजते. सहा वर्षे भांडून २००० मध्ये हार्लेने अर्ज मागे घेतला. पण ह्याहून मौज पुढे झाली. २००९ मध्ये यामाहाने आपल्या आर-वन ह्या अतिवेगवान गाडीत चार सिलिंडर ओळीतच ठेवले, परंतु क्रँक असा पिळला की स्फोट २७०, १८०, ९०, १८० अंशांनी होऊ लागले. आपल्या मात्रांत सांगायचे तर सहा, चार, दोन, चार. चोख ताल देणाऱ्याने मुद्दाम लय मोडली! कारण दिले गेले ते असे की अशाने मागच्या चाकाची पकड हाताला नीट कळते. शर्यतीतल्या चालकांना ते पटलेही. आपल्या देशात २०१८ पासून निघणाऱ्या एन्फील्डच्या ६५० सीसी गाड्यांत दोन सिलिंडर सरळ शेजारी उभे आहेत, ‘व्ही’चा मागमूस नाही, पण क्रँक २७० अंशांचा केलेला, म्हणजे सहा आणि दहा मात्रा, जो इटलीच्या डुकाटीच्या ९० अंशी ‘व्ही’चा ठेका. सायकलीच्या तिकोनात जागा नव्हती म्हणून जे व्यंग पत्करले, ते जागा असताना, पैसे खर्चून, संगणकावर गणिते मांडून नव्याने घडवले जात आहे.

ह्या सगळ्या रसिकतेला एक शेजारी असतो, हे मात्र विसरता येत नाही. आमच्या वसाहतीत रात्री अकराला नळी बदललेली गाडी येते तेव्हा कोणाचे तान्हे मूल दचकते, कोणाचा नुकताच डोळा लागलेला बाप उठून बसतो. त्यांना सात आणि नऊ मात्रांचे सौंदर्य समजावून सांगण्याची माझी छाती नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईच्या वाहतूक पोलिसांनी असल्या नळ्या जप्त करून रस्त्यावर मांडल्या आणि त्यांवरून रोडरोलर फिरवला. मला त्याचे दुःख झाले नाही. ठेका इंजिनाच्या पोटात असतो. नळी फोडून तो वाढत नाही. डग्ग्याला हातोडीने बडवावे तसा तो नुसता मोठा होतो. कंपनीची मूळ नळी असलेली जुनी गाडी हलक्या हाताने चालवणारा मनुष्य गल्लीतून जातो तेव्हा कुत्रेही मान वर करत नाही, आणि ज्याला ऐकायचे त्याला सगळे ऐकू येते.

२०२० च्या सप्टेंबरात हार्लेने हरियाणातला आपला बावलचा कारखाना गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर हिरो कंपनीशी भागी केली. त्या भागीतून २०२३ च्या जुलैत एक्स ४४० ही गाडी आली. राजस्थानात नीमराण्याला बांधलेली, किंमत सव्वादोन लाखांपासून पुढे. पहिल्या महिनाभरात पंचवीस हजारांवर लोकांनी तिची नोंदणी केली. त्याच वर्षी कावासाकीने जवळपास तेवढ्याच आकाराच्या इंजिनाची, ३९९ सीसीची गाडी भारतात आणली, चार सिलिंडरी. किंमत साडेआठ लाखांच्या घरात. तिचा क्रँक मिनिटाला पंधरा हजार फेरे घेतो तेव्हा सेकंदाला पाचशे स्फोट होतात. आणि हार्लेच्या एक्स ४४० ला सिलिंडर एकच आहे. ‘व्ही’ नाही, आठवी मात्रा नाही. सोळा मात्रांत एकदा, फक्त समेवर, फट्.